एक टक्का म्हणजे नेमकं कोण?

असा फोन तुम्हीही केला असणार. रविवारची दुपार. इथे रेडिंगमध्ये आमची जेवणं आटोपलेली, तिकडे वाईला दिवेलागण झालेली. आईला लाइटबिल भरायचं होतं. बँकेच्या अ‍ॅपमधून ती ते दर महिन्याला स्वतःच भरायची, पण त्या दिवशी तिला काही सापडेना. आमचं खातं जॉइंट असल्यामुळे तेच अ‍ॅप माझ्याही फोनवर आहे. मी माझं उघडलं आणि एकेक पायरी सांगायला लागले.

"आई, खाली उजवीकडे हिरवं बटण आहे बघ, 'बिल भरा' म्हणून. ते दाब."

"हिरवं काही नाहीये गं इथे."

"असेल. नीट बघ. खाली, उजवीकडे."

"उजवीकडे 'ऑफर्स' लिहिलंय."

"मग तू दुसरंच काहीतरी उघडलंयस."

वीस मिनिटं हे चाललं. अ‍ॅप अपडेट केलंस का, विचारून झालं. आवृत्तीचा क्रमांक तिच्याकडून एकेक आकडा करून वाचून घेतला. माझ्याकडे होता तोच निघाला. चष्मा लावलायस ना, हेही विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे. उद्या शेजारच्या मुलाला सांगते. मला आता हे जमत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तिच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यावर हिरवं बटण नव्हतं. उजवीकडे खरोखरच 'ऑफर्स' होतं, आणि बिलाचा पर्याय वरच्या तीन रेघांच्या आत गेला होता. बँक तीच, अ‍ॅप तेच, आवृत्ती तीच, आणि स्क्रीन दोन. आई पहिल्यापासून बरोबर सांगत होती.

मला जास्त लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. गेली बारा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एकाच अ‍ॅपचे दोन चेहरे एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवायची सोय करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. तरीही वीस मिनिटांत ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी आईच्या चष्म्यावर संशय घेतला.

या तंत्राला फीचर टॉगल किंवा फीचर फ्लॅग म्हणतात. ते चांगलं आहे असं मी आजही मानते, आणि का ते पुढे सांगणार आहे. पण आपण ते ज्या तऱ्हेने वापरतो त्यात एक भोक आहे, आणि त्या भोकाबद्दल आमच्या धंद्यात फार कमी बोललं जातं. हा लेख त्याबद्दल आहे.

खटका

वाचकांत आयटीतली मंडळी भरपूर आहेत. त्यांनी हा भाग चाळला तरी चालेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

टॉगल म्हणजे खटका. प्रोग्रामात एक फाटा ठेवायचा: खटका चालू असेल तर नवीन रस्त्याने जा, बंद असेल तर जुन्या. नवीन कोड सर्व्हरवर किंवा तुमच्या फोनवर आधीच पोचलेला असतो, पण झोपलेला असतो. तो कोणासाठी जागा करायचा हे दूर कुठेतरी एका पडद्यावर बसलेला माणूस ठरवतो. आधी कंपनीतल्याच लोकांसाठी, मग एक टक्का ग्राहकांसाठी, मग पाच, पंचवीस, शंभर. मध्येच काही बिनसलं तर खटका बंद करायचा. नवा कोड परत बांधायला, पाठवायला नको.

टक्का कसा निवडतात? बहुतेक ठिकाणी ग्राहकाचा क्रमांक एका गणिती चाळणीतून काढतात आणि त्यातून ० ते ९९ मधला एक आकडा मिळतो. खटका पाच टक्क्यांवर असेल तर ज्यांचा आकडा ० ते ४ आला त्यांना नवीन स्क्रीन, बाकीच्यांना जुना. त्याच ग्राहकाला दर वेळी तोच आकडा मिळतो, त्यामुळे सकाळी नवीन आणि संध्याकाळी जुनं असं होत नाही. आईचा आकडा एका बाजूला पडला, माझा दुसऱ्या. त्यामागे इतकंच होतं.

ज्यांनी हे तंत्र येण्याआधी नोकरी केली त्यांना शनिवारच्या रात्री आठवत असतील. रिलीज म्हणजे अख्खी टीम जागी, कॉलवर तीन देश, मागवलेला पिझ्झा गार झालेला, आणि पहाटे चारला कोणीतरी म्हणायचं, "रोलबॅक करूया." कोड पोचवणं आणि तो लोकांना दाखवणं ही एकच कृती होती, त्यामुळे चूक झाली की सगळ्यांसाठी झाली. फ्लिकर या फोटोंच्या सेवेतल्या अभियंत्यांनी २००९ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली: सगळ्यांनी एकाच मुख्य प्रवाहात काम करायचं आणि अपुरं असेल ते खटक्यामागे झाकून ठेवायचं. पुढच्या वर्षी मार्टिन फाउलर यांनी त्यावर टिपण लिहिलं, आणि बघता बघता ही धंद्याची रीत झाली.

बाजू घ्यायची तर

टीका करण्याआधी या तंत्राची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. विमानतळांवर रांगा, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास, निळे पडदे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभरच्या ग्राहकांकडे एकदम पाठवली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. कंपनीने सव्वा तासात ती फाइल मागे घेतली, पण बंद पडलेला संगणक दुरून दुरुस्त होत नाही. माणसांना एकेका यंत्रापाशी जावं लागलं. यातली खोच अशी की कंपनीचा मुख्य कोड टप्प्याटप्प्यानेच जात होता. ही फाइल 'फक्त माहिती' समजली जायची, म्हणून तिला टप्पे नव्हते. नंतर कंपनीने तिलाही टप्पे लावायचं जाहीर केलं.

१२ जून २०२५ ला गूगल क्लाउडच्या सेवा जगभर अडखळल्या. तिथे नवा कोड २९ मेपासून प्रदेशाप्रदेशाने पोचला होता, पण तो झोपलेला होता. रिकामे रकाने असलेली एक धोरण-नोंद आली, ती काही सेकंदांत जगभर पसरली, आणि तिच्या स्पर्शाने तो कोड जागा होऊन सगळीकडे एकदम कोसळला. गूगलने आपल्या अहवालात सरळ लिहिलं की हा बदल खटक्यामागे ठेवलेला नव्हता, आणि ठेवला असता तर दोष आधीच सापडला असता.

तेव्हा टप्प्याटप्प्याने जाणं हे शहाणपण आहे. मी कोणालाही खटके फेकून द्या म्हणणार नाही. उलट या दोन्ही घटनांतून मी असं शिकले की जी गोष्ट 'छोटी' म्हणून टप्प्यांतून सुटते तीच बुडवते. आणि खटका फिरवणं हीसुद्धा अशीच एक छोटी गोष्ट आहे हे विसरू नका. तोही काही सेकंदांत जगभर पोचतो.

राहून गेलेले खटके

या विषयावर आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख बहुधा पीट हॉजसन यांचा. फाउलर यांच्याच संकेतस्थळावर तो आहे. लेख उत्तम आहे. त्यात खटक्यांचे चार प्रकार केले आहेत: अपुरं काम झाकणारे, प्रयोग करणारे, गर्दीच्या वेळी एखादी सोय बंद करता यावी म्हणून ठेवलेले, आणि ठरावीक ग्राहकांनाच काही देणारे. खटका किती काळ जगणार आणि त्याचा निर्णय किती वेळा बदलणार, या दोन मापांवर ते त्यांना बसवतात. खटका म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल, त्याचं भाडं चालू असतं, म्हणून प्रत्येकाला मुदत घाला, असं ते बजावतात.

हे बजावणं किती खरं आहे, ते नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलालाच्या गोष्टीत दिसतं. 'पॉवर पेग' नावाची त्यांची एक सोय २००३ पासून वापरात नव्हती, पण तिचा कोड तसाच पडून होता. २०१२ साली नव्या कामासाठी खटका हवा होता, तर त्यांनी त्या जुन्या सोयीचाच खटका पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर जायचा राहिला. १ ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडला, खटका चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं मेलेली सोय जिवंत झाली. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले. घोळ चालू असताना नवा कोडच चुकला असं समजून त्यांनी तो बाकीच्या सात सर्व्हरवरून काढला, म्हणजे आजार सातही जणांना लावला. तोटा ४६ कोटी डॉलर्सच्या वर गेला. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने 'पॉवर पेग'चा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारा म्हणून वाचायचे आहेत हे कोणाला माहीत नव्हतं.

न काढलेल्या खटक्यांचं आणखी एक गणित बघा. एक खटका म्हणजे दोन शक्यता. एकमेकांशी संबंध नसलेले दहा खटके म्हणजे १,०२४. वीस खटके म्हणजे १०,४८,५७६. एवढ्या तऱ्हा कोणी तपासत नाही, तपासूही शकत नाही. तुमच्या फोनवरचं अ‍ॅप त्यातली एक तऱ्हा असतं, आणि कदाचित तशी तऱ्हा बनवणाऱ्यांनीही कधी पाहिलेली नसते.

हे सगळं हॉजसन सांगतात. मग माझी तक्रार काय? त्यांच्या लेखाचा विषय कोडची रचना हा आहे, त्यामुळे ग्राहक तिथे गट म्हणून येतो: या गटाला हे, त्या गटाला ते. त्या लेखापुरतं ते ठीक आहे. बिघाड असा झाला की आमच्या धंद्याने तेवढीच यादी पूर्ण मानली. खटक्याचा खर्च मोजताना आम्ही कोडचा पसारा मोजतो, तपासणीचे तास मोजतो, सर्व्हरचा भार मोजतो. गटात सापडलेल्या माणसाचा खर्च कोणत्याच रकान्यात येत नाही.

एक टक्क्याचं वजन

मीटिंगमध्ये 'एक टक्का' हा शब्द फार हलका वाटतो. एखाद्या बँकेचे एक कोटी ग्राहक असतील तर एक टक्का म्हणजे एक लाख माणसं. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर साधारण ३३ हजार लोक मावतात. तीन वानखेडे भरतील एवढ्या लोकांसमोर आपण न पारखलेली गोष्ट ठेवतो आणि त्याला 'लहानशी सुरुवात' म्हणतो.

पुढचा प्रश्न: ती सुरुवात चांगली झाली, हे कळतं कसं? आलेखावरून. चुका वाढल्या का, व्यवहार घटले का. आता एक कल्पित उदाहरण घ्या, फक्त हिशेब समजावा म्हणून. एक लाख लोकांना बिल भरायचा नवा स्क्रीन दिला. त्यातले दहा हजार ज्येष्ठ नागरिक. जुन्या स्क्रीनवर ज्येष्ठांपैकी ९,००० आणि बाकीच्यांपैकी ८७,००० जण बिल भरू शकत होते, एकूण ९६,०००. नव्या स्क्रीनवर बाकीचे ८८,३०० झाले आणि ज्येष्ठ ८,२०० उरले, एकूण ९६,५००. आलेख वर गेला. मीटिंगमध्ये टाळ्या. खटका पंचवीस टक्क्यांवर. आणि आठशे म्हाताऱ्या माणसांना काल जमत होतं ते आज जमेना.

ही माणसं आलेखात चूक म्हणून उमटतसुद्धा नाहीत. सर्व्हर कोसळला तर लाल रेघ दिसते. बटण सापडलं नाही म्हणून कोणी अ‍ॅप बंद केलं, तर काम झाल्यावर बंद करणारा आणि कंटाळून बंद करणारा यांच्यात यंत्राला सहसा फरक कळत नाही. ते तक्रारही करत नाहीत. आईने बँकेला फोन केला नाही. "मला आता हे जमत नाही" असं म्हणून तिने दोष स्वतःकडे घेतला. आमच्या आलेखात हे वाक्य नोंदवायला जागा नाही, म्हणून त्या शांततेला आम्ही यश समजतो.

दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अधिक लागते. आईवडिलांचं बँकेचं, औषधांचं, तिकिटांचं काम आपण फोनवरून करून देतो, आणि ते एका गृहीतावर चालतं: मला जे दिसतंय तेच तुलाही दिसतंय. खटका ते गृहीत मोडतो, आणि मोडल्याचं दोघांनाही सांगत नाही. मग आपल्या बाजूला चिडचिड होते, त्यांच्या बाजूला शरम. कस्टमर केअरला फोन लावला तरी समोरच्या माणसाकडे बहुधा तिसराच स्क्रीन असतो.

अजून एक बारीक गोष्ट, खास अभियंत्यांसाठी. चाळणीत ग्राहकाच्या क्रमांकाबरोबर खटक्याचं नावही घालायचं असतं, म्हणजे दर खटक्याला नवी सोडत होते. नाव घालायचं राहिलं तर ० ते ४ आकडेवाले तेच ते लोक प्रत्येक नव्या गोष्टीत पहिले सापडतात. त्यांच्या दृष्टीने ते अ‍ॅप कायमच बिघडलेलं असतं, आणि बाकीचे ९५ टक्के लोक त्यांना म्हणतात, "आमच्याकडे तर छान चालतं." तयार सेवा विकत घेतलीत तर हे सहसा सांभाळलेलं असतं. पण घाईत घरच्या घरी लिहिलेल्या चार ओळींत ते राहून जाऊ शकतं. आपल्या कोडमध्ये एकदा बघा.

पिंजऱ्यातला पक्षी

थोड्या लोकांवर आधी सोडून बघायच्या या रीतीला 'कॅनरी' असंही नाव आहे. ते इथल्या, ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींतून आलं. विषारी वायू माणसाआधी पक्ष्याला बाधतो, म्हणून खाणकामगार कॅनरीचा पिंजरा बरोबर नेत. १९८६ साली ते पक्षी हटवून यंत्रं आणायचं ठरलं. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात असा एक पिंजरा आहे, आणि त्याच्या वर ऑक्सिजनचं छोटं नळकांडं बसवलेलं आहे. पक्षी कोसळला की झडप लावायची, नळकांडं उघडायचं, आणि त्याला शुद्धीवर आणायचं.

आम्ही त्या पक्ष्याचं नाव उचललं, नळकांडं मागेच राहिलं. आमचा खटका बंद होतो तो आलेख बिघडल्यावर, सगळ्यांसाठी. एकट्या माणसाची घुसमट होत असेल तर त्याच्या हातात काहीच नसतं.

आणि त्याला विचारलेलंही नसतं. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या न्यूजफीडमधून आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. जून २०१४ मध्ये ते एका प्रतिष्ठित शोधपत्रिकेत छापून आलं आणि गदारोळ झाला, कारण त्या लोकांची वेगळी संमती घेतली नव्हती. पुढच्याच महिन्यात त्या पत्रिकेच्या संपादकांनीही चिंता नोंदवली. बिलाचं बटण हलवणं आणि लोकांच्या मनाशी खेळणं एकाच तराजूत मी घालणार नाही. पण हत्यार एकाच जातीचं आहे: गट पाडा, एकाला हे दाखवा, दुसऱ्याला ते, आणि सांगू नका. न सांगायची सवय लहान कामांत लागते, आणि मग मोठ्या कामातही कोणाला खटकत नाही.

मग काय करायचं?

माझं म्हणणं एका साध्या तांत्रिक सत्यावर उभं आहे. खटका शंभरावर गेलेला नसतो तोवर जुना रस्ता कोडमध्ये जिवंत असतो. तो असावाच लागतो, कारण आपल्याला परत फिरता यायला हवं असतं. मग परत फिरायची तीच सोय त्या ग्राहकालाही का देऊ नये? स्क्रीनवर वर एक ओळ: 'ही नवी मांडणी आहे. काही दिवस जुनी वापरायची असेल तर इथे दाबा.' आईला एवढं पुरलं असतं. आणि ते किती जणांनी दाबलं, हा आकडा आमच्या कुठल्याही आलेखापेक्षा खरं सांगेल, कारण तिथे शांत बसणारी माणसंही बोलतात. हे अशक्य नाही. रेडिटने २०१८ मध्ये चेहरामोहरा बदलला तेव्हा जुनी मांडणी वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवली.

प्रत्येक ठिकाणी हे जमणार नाही, हे मलाही कळतं. सुरक्षेची दुरुस्ती असेल, किंवा आतली माहितीच नव्या साच्यात हलवली असेल, तर मागचा दरवाजा उघडा ठेवता येत नाही. सहकारी असंही म्हणतात की लोकांना सांगितलं तर प्रयोग बिघडतो, ते वेगळे वागतात. दोन जाहिरातींतली कोणती चालते ते बघताना हा मुद्दा मान्य. पण माणूस ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, पैसे, औषधं, तिकिटं, तिथे प्रयोग थोडा बिघडला तरी चालेल. माणूस अडकायला नको.

बाकी मागण्या छोट्या आहेत. मदतकेंद्रात फोन उचलणाऱ्याला त्या ग्राहकाचे कोणते खटके चालू आहेत ते दिसावं, म्हणजे तो "नीट बघा" म्हणणार नाही. आलेख बघताना सरासरीवर थांबू नये. वय, जुने फोन, भाषा असे गट पाडून बघावेत, निदान जिथे ती माहिती आधीच आणि रीतसर जमा आहे तिथे. मराठीत अ‍ॅप वापरणाऱ्यांचा आकडा वेगळा पाहिला तर काय दिसेल, हे मला फार दिवसांपासून बघायचं आहे. आणि खटका जन्मतानाच त्यावर एका माणसाचं नाव आणि मरणाची तारीख असावी. हे शेवटचं हॉजसनही सांगतात. मी एवढीच भर घालते की त्या नोंदीत आणखी एक रकाना ठेवा: यात अडकलेल्या माणसाने काय करायचं?

तुमच्यापैकी कोणीतरी उद्या सकाळी अशाच मीटिंगमध्ये बसणार आहे. न्यू जर्सीत, दुबईत, सिंगापुरात किंवा माझ्यासारखं इथे. कोणीतरी म्हणेल, "पाच टक्क्यांवर छान चाललंय, पंचवीसवर नेऊया." तेव्हा फक्त विचारा की ते पाच टक्के कोण होते, आणि ज्यांनी अ‍ॅप उघडून काहीच न करता बंद केलं ते किती होते. आमच्याकडे मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर कोणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नाही. आकडा काढायला एक दिवस लागला. त्या आठवड्यात आम्ही खटका होता तिथेच ठेवला.

आईच्या बँकेतला तो खटका पुढे शंभरावर गेला की शून्यावर आला, मला ठाऊक नाही. लाइटबिल आता शेजारचा मुलगा भरतो. मी दोनदा म्हटलं, "अगं, आता तू करून बघ, मी आहे फोनवर." ती म्हणते, "राहू दे गं, तो करतो." बाकीच्या कामांसाठी फोन येतोच. आता मी माझं अ‍ॅप उघडत नाही. "तुझ्या स्क्रीनवर काय काय लिहिलंय ते वरून खाली वाच," म्हणते, आणि ती वाचते त्यावर विश्वास ठेवते.